एकदा ताप येऊन गेलेली बाई

दुपारी दोन वाजता मला कळलं होतं की हा आपला ताप नाही. चार वाजता बाइंडू स्वारे क्लोरीनच्या पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवून धूत होती. मधले दोन तास मी प्रयोगशाळेत होतो. तिथून तापाच्या वॉर्डापर्यंत, अगदी रमतगमत गेलं तरी, दोन मिनिटं लागतात. बाइंडूबद्दल लिहायचं तर हे आधी लिहायला हवं. तिच्या चांगुलपणाच्या चार गोष्टी सांगून मग हळूच हे मांडणं मला जमणार नाही.

ती तोंबोहुनला आली ती युद्धात. सिएरा लिओनच्या या पूर्वेकडच्या मुलखात तेव्हा एकही गाव आपल्या जागी राहिलं नव्हतं. बंडखोरांनी तिचं गाव जाळलं, नवऱ्याला हिरे उपसायच्या खड्ड्यांवर कामाला धरून नेलं, तो परत आला नाही. सहा महिन्यांची गरोदर बाइंडू आमच्या इस्पितळामागे पसरलेल्या छावणीत येऊन पडली. छावणीत ताडपत्र्या होत्या, मदतीच्या तांदळाची पोती होती आणि पोत्यांभोवती उंदीर होते. आमच्याकडचा ताप या उंदरांच्या मुतातून येतो. वाळत घातलेल्या कसाव्याच्या कंदांवर, उघड्या राहिलेल्या भातावर ते मुततात आणि माणूस ते खातो. जग त्याला लासा ताप म्हणतं. आम्ही नुसतं ताप म्हणतो. मलेरियाला आमच्यात कुणी ताप म्हणत नाही, तो कुणालाही होतो.

तिचा घसा इतका धरला की थुंकी गिळता येईना. चेहरा फुगला, मान फुगली. पोटातलं मूल हलायचं थांबलं. वॉर्डात तेव्हा एक म्हातारी दाई होती. तिने ठरवलं, मेलेलं मूल आत ठेवायचं नाही. मूल काढलं, वार काढली, आणि दोन दिवसांत बाइंडूचा ताप उतरायला लागला. म्हातारीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. कारण मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकात सापडलं. हा विषाणू वारेत घर करतो. सगळ्यात जास्त रक्त तिथे येतं आणि तिथला पहारा शरीराने मुद्दाम सैल ठेवलेला असतो, कारण पोटातलं मूलही अर्धं परकंच असतं, त्याला कुणी शत्रू समजू नये. ती सैल ठेवलेली जागा विषाणूला बरोबर सापडते. आई मरते ती बऱ्याचदा त्या जागेपायी.

हे मी बाइंडूला सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती.

"म्हणजे त्याला बाहेर टाकलं म्हणून मी राहिले," ती म्हणाली.

"तसं नाही, आंटी. ते आधीच गेलेलं होतं."

"असेल. तू लॅबवाला आहेस, पा लाहाई. कोण आधी गेलं, कोण नंतर, ते तुम्हाला बरोबर माहीत असतं."

ताप जाताना तिचा डावा कान घेऊन गेला. पुष्कळांचा नेतो. बरी झाल्यावर जायला गाव नव्हतं, म्हणून ती इस्पितळातच राहिली. आधी स्वयंपाकाला, मग धुण्याला, मग वॉर्डात. नर्सचं शिक्षण तिच्याकडे नव्हतं, पण पांढरा झगा होता आणि रुग्ण तिला सिस्टर म्हणायचे. शिकलेल्या नर्सही तिच्यासमोर आवाज चढवत नसत.

मी २००३ साली प्रयोगशाळेत लागलो. पहिल्याच दिवशी वॉर्डात रक्त घ्यायला गेलो, तर ती दारात आडवी उभी.

"हा कोण? याच्या हातात सुई द्यायची?"

"मी लाहाई सेनेसी. नवीन लॅबवाला."

"उजवीकडे ये आणि परत सांग. डावीकडून बोलणारा माणूस माझ्या लेखी मेलेला असतो."

मी उजवीकडे गेलो आणि परत सांगितलं. अकरा वर्षं मी तिच्या उजवीकडून बोलत आलो.

आमच्या वॉर्डात एक रीत होती. ती कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती. ज्यांना ताप येऊन गेला आणि जे जगले, ते 'आतले'. बाकी सगळे 'बाहेरचे'. बाहेरच्यांनी दुहेरी हातमोजे, झगा, चष्मा घालून जायचं, काम उरकायचं आणि निघायचं. आतले रुग्णाच्या खाटेवर बसायचे, त्याला भात भरवायचे, ओकारी पुसायचे, बायकांच्या वेण्या घालायचे. एकदा हा ताप येऊन गेला की सहसा परत येत नाही, हे खरं होतं. वीस वर्षं आतल्यांपैकी कुणी आजारी पडलं नव्हतं. भिंतीवरच्या नियमात मोजे सगळ्यांनाच होते. डॉक्टर फेरीला आले की आतले मोजे चढवायचे. ते गेले की काढायचे. कामावर ठेवतानाही आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, ताप येऊन गेलाय का. मत्तू कल्लोन अशीच आली होती, बरी झालेली रुग्ण, आल्या दिवसापासून बाइंडूच्या मागे मागे.

आतल्यांच्या या विश्वासाला मी हातभार लावला. आमच्या तपासणीच्या प्लेटवर खळगे असतात. कधी काही खळगे रिकामे उरायचे. एकदा मी गंमत म्हणून बाइंडूचं रक्त त्यात लावलं. जुन्या तापाची आठवण रक्तात असेल तर खळगा निळा होतो. तिचा इतका गडद झाला की मी तिला बोलावून दाखवला. मग ती दर वर्षी भाताची कापणी झाली की यायची आणि दंड पुढे करायची.

"बघ माझं."

मी बघायचो. ती प्लेट खिडकीकडे धरायची. "गेल्या वर्षी जास्त गडद होतं."

"तेवढंच आहे."

"तुझे डोळे गेलेत. लग्न कर, म्हणजे सकाळ-संध्याकाळ कुणीतरी डोळे उघडील."

असंच एकदा मी तिला म्हटलं, आंटी, तुला आता काही होत नाही. हे वाक्य माझं. ते मी प्रयोगशाळेत उभं राहून, हातात पुरावा धरून म्हटलं होतं.

ताप माणसाला मारतो कसा, हे तिला जाणून घ्यायचं असायचं. इतकी माणसं तिच्या हातात गेली होती आणि बहुतेकांच्या अंगातून रक्त वाहिलं नव्हतं. हिरड्यांतून थोडं, सुई टोचली तिथून थोडं. "रक्त जात नाही, मग जातं काय?" ती विचारायची.

मी सांगितलं, अंगात पहारेकरी असतात. परकं कुणी आलं की त्याला गिळायचं आणि बोंब ठोकायची, हे त्यांचं काम. हा विषाणू आधी त्या पहारेकऱ्यांच्याच आत शिरतो. पहारेकरी मरत नाही. फिरत राहतो, पण त्याचा आवाज बंद झालेला असतो. तो जातो तिथे विषाणूला घेऊन जातो, यकृतात, प्लीहेत. बरेच दिवस अंगाला पत्ताच नसतो. ज्यांच्या अंगाला वेळेवर जाग येते ते जगतात. बाकीच्यांच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर ढिलं पडत जातं आणि रक्तातलं पाणी झिरपायला लागतं, चेहऱ्यात, मानेत, फुप्फुसांभोवती. रक्त आतच असतं, पण त्याला पुढे ढकलणारा जोर उरत नाही. माणूस आतल्या आत कोरडा पडतो.

ती म्हणाली, "आमच्या गावाबाहेर नाका होता. बंडखोर आले ते सैनिकांच्या कपड्यांत. नाक्यावरच्यांनी त्यांना पाणी दिलं."

पुढचं तिने सांगितलं नाही.

"आणि माझे पहारेकरी?" तिने विचारलं.

"ते आता या तापाचं तोंड ओळखतात."

"तोंड ओळखतात. बरं."

या तापाचं, असं मी म्हटलं होतं. मी म्हटलं आणि माझ्या डोक्यात त्यापुढे काही आलं नाही, तिच्याही नाही. आमच्या जगात दुसरा ताप नव्हता.

२०१४ च्या मार्चमध्ये रेडिओवर सांगू लागले की गिनीत वेगळा ताप आलाय, इबोला. हद्द आमच्यापासून पायी दीड दिवसावर. इस्पितळात बैठक झाली, भिंतीवर चित्रं लागली. मला बैठकीतलं एवढंच आठवतं की आम्ही निर्धास्त होतो. अख्ख्या देशात तापाची माणसं आम्ही. तो आलाच तर आम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार.

मेच्या अखेरीला जेबेह आली. बाइंडूच्या धाकट्या बहिणीची मुलगी, हद्दीजवळच्या गावात दिलेली, सात महिन्यांची गरोदर. मोटारसायकलवर चालक आणि दीर यांच्या मध्ये तिला बसवून आणलं होतं. आईची बहीण ही आमच्यात आईच, वेगळा शब्द नाही. बाइंडूने तिला उचलूनच आत नेलं.

"किती दिवस?"

"पाच, आई."

"घसा?"

"दुखतोय."

"घरात उंदीर आहेत?"

"कुणाच्या घरात नाहीत?"

"तोंड चालतंय. जगशील."

जेबेहला उचकी लागली होती, थांबत नव्हती. डोळे लाल. उचक्यांच्या मधून ती म्हणाली, सासू गेली पंधरा दिवसांपूर्वी, तापानेच. मीच तिला धुतलं, दुसरं कुणी नव्हतं.

"चांगलं केलंस," बाइंडू म्हणाली. "न धुता पाठवायचं नसतं."

मत्तू खाटेजवळ उभी होती. तिने हळूच विचारलं, "आंटी, ताप तर कोरड्या दिवसांतला. आता पावसाळा लागला की."

"उंदरांना काय दिनदर्शिका दिलीये?"

मी हसलो. रक्त घेतलं. सकाळचे अकरा वाजले होते.

दोन वाजता प्लेट तयार झाली. जेबेहचा खळगा स्वच्छ होता, पाण्यासारखा. पाचव्या दिवशी, इतक्या आजारी माणसाच्या रक्तात आपला ताप सापडायलाच हवा. शेजारी खात्रीचा खळगा असतो, त्यात मुद्दाम तापाचं रक्त घातलेलं असतं. तो गडद निळा झाला होता. म्हणजे किट शाबूत होतं, हात शाबूत होता. मला हे सगळं दिसलं. भिंतीवरचं इबोलाचं चित्रसुद्धा दिसलं, ते माझ्या समोरच होतं.

आणि मी तपासणी परत लावली. मनाशी म्हटलं, आठवड्यात दोनदा वीज गेली, फ्रीज तापला असेल. परत लावलेल्या तपासणीला पुन्हा तीन तास लागणार होते. मी डबा उघडला. कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि भात होता, तो पूर्ण खाल्ला. डबा धुतला. मी आळशी माणूस नाही. पण तोवरच्या अकरा वर्षांत वॉर्डाच्या दारात जाऊन, मला कळत नाही हे काय आहे, असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्याला मी दोन तास टाळत होतो.

चारच्या सुमाराला स्वयंपाकघरातली एक बाई खिडकीशी येऊन म्हणाली, तुमच्या सिस्टरच्या मुलीच्या कळा सुरू झाल्यात, केव्हाच्या. मी धावलो. तेव्हा बाइंडू हात धूत होती.

"मेलेलंच होतं," ती म्हणाली. "मुलगा. वार अडकली होती, हात घालून काढली. मोज्याने पकड येत नाही. मत्तूने तिला मागून धरलं म्हणून निभावलं."

"जेबेह?"

"आहे. फार रक्त गेलं, पण आहे. वार निघाली, आता उतरेल ताप. माझाही असाच उतरला होता." तिने हात झटकले. "तुझा निकाल?"

"परत लावलाय."

"परत का?"

"किट जुनं झालंय," मी म्हणालो. तेही उजवीकडे उभं राहून, नीट ऐकू जाईल असं.

ताप उतरला नाही. रक्त थांबेना. दुसऱ्या दिवशी दुपारी जेबेह गेली. बाइंडूने तिला धुतलं, केस विंचरून बारीक वेण्या घातल्या, कारण आमच्यात बाईला मोकळ्या केसांनी पुरत नाहीत. तिच्या रक्ताचा नमुना तोवर मी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवला होता. तिसऱ्या दिवशी फोन आला, इबोला.

या तापाची चाल आपल्या तापासारखीच आहे. हाही आधी पहारेकऱ्यांत शिरतो, वाहिन्या गळायला लावतो. पण यात शेवटी सगळे पहारेकरी एकदम, वाटेल तसे ओरडत सुटतात आणि त्या गोंधळानेच अंग मोडतं. रक्त गोठवणारी द्रव्यं अंगभर नको तिथे खर्ची पडतात आणि हवी तिथे उरत नाहीत. म्हणून टोचल्या जागी रक्त थांबत नाही. चाल सारखी, तोंड मात्र निराळं. बाइंडूचे पहारेकरी अठरा वर्षं एकाच तोंडाची वाट बघत बसले होते.

त्या बाळंतपणापासून आठव्या दिवशी मत्तूला ताप भरला, नवव्या दिवशी बाइंडूला. तोवर इस्पितळाच्या आवारात तंबू उभे राहिले होते आणि तंबूंभोवती नारिंगी जाळीचं कुंपण. कुंपणापासून खाटेपर्यंतचं अंतर आखून दिलेलं होतं. नातेवाईक कुंपणाबाहेर भाताची भांडी घेऊन उभे असत, तंबूतली माणसं बरी असली तर दाराशी येऊन बसत. ताप भरल्याच्या तिसऱ्या दिवशी बाइंडू येऊन बसली. डोळे लाल होते. टोचल्या जागेवरची पट्टी ओली होती.

मी कुंपणाशी गेलो. हळू बोलायची सोय नव्हती.

"आंटी, दोन वाजता मला कळलं होतं."

"काय?"

"जेबेहचा निकाल."

"जोरात बोल."

"दोन वाजता कळलं होतं, आपला ताप नाही म्हणून," मी ओरडलो. "मी तुला सांगितलं नाही. किट जुनं नव्हतं."

कुंपणाला टेकलेली माणसं माझ्याकडे वळली. कुणाची आई होती, कुणाचा भाऊ. एका म्हाताऱ्याने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मी हात घातला साडेतीनला," बाइंडू म्हणाली. "असरची अजान व्हायची होती."

"हो."

"तू आला असतास तर मी थांबले असते, असं वाटतं तुला?"

"मोजे घातले असतेस."

"मोज्याने पकड येत नाही. आणि ती माझी मुलगी होती." तिला उचकी लागली, ती थांबेपर्यंत मी उभा राहिलो. "मी गेलेच असते आत. तो भाग तू मनातून काढ."

मला वाटलं, माझी सुटका झाली. मी मान खाली घातली.

"पण मत्तूला बाहेर ठेवलं असतं," ती म्हणाली. "ती दाराशी उभी होती, येऊ का नको करत. मी म्हटलं, ये ग, आपण आतल्या. म्हणून आली. हे मात्र तुझं आहे, लाहाई. अर्धं माझं, अर्धं तुझं."

मानाचं 'पा' नाही लावलं तिने, नुसतं लाहाई. मग ती म्हणाली, "उरलेल्या आतल्यांना सांगितलंस का?"

"काय?"

"की आपण कुणी आतले नाही म्हणून. ती कुंबा सकाळी मोजे न घालता पाणी पाजत होती. तिने तुझं ऐकलं पाहिजे. आत्ताच्याइतकं ओरड."

मी वॉर्डाकडे गेलो आणि ओरडलो. कुंबा आणि आणखी तीन जणी अशा होत्या की ज्यांना मीच कधी ना कधी त्यांचे गडद खळगे दाखवले होते. त्या चौघी जगल्या.

बाइंडू पाच दिवसांनी गेली. शेवटचे दोन दिवस ती शुद्धीत नव्हती, असं तंबूतले पांढरे झगेवाले म्हणाले. तिला कुणी धुतलं नाही. पांढऱ्या पिशवीत घालून, फवारा मारून, चार अनोळखी माणसांनी तिला नेलं. तिची बहीण, जेबेहची आई, दोन दिवस चालून आली होती. तिला लांबून खड्डा दाखवला गेला. तिने मला विचारलं, "केस बांधले होते का?" मी म्हटलं, माहीत नाही. आता जे माहीत नाही ते माहीत नाही असं मी लगेच सांगतो. त्याचा त्या बाईला काही उपयोग नव्हता.

मत्तू वाचली. तीन आठवडे तिने तंबूत काढले, बाहेर आली तेव्हा डोक्यावर केस उरले नव्हते. दोन्ही तापांतून उठलेली ती आमच्या इस्पितळातली एकटीच. लोक म्हणाले, आता हिला कसली भीती. तिने पहिल्या दिवसापासून दुहेरी मोजे घातले आणि नव्याने आलेल्या मुलींनाही घालायला लावले. ताप येऊन गेलाय का, हा प्रश्न तिने कामावर घेताना विचारू दिला नाही.

अजून आम्ही दोघं तिथेच आहोत. ती वॉर्डाची प्रमुख झाली. कोरड्या दिवसांत आमचा जुना ताप येतो, मी प्लेटा लावतो. निकाल तयार झाला की तो घेऊन मी स्वतः जातो, खळगा निळा असो की पाण्यासारखा. दारात उभा राहून सांगायला लागतो, तर मत्तू हात वर करून मला थांबवते आणि कागद मागते. कागदावर सही आणि वेळ दोन्ही लागतात तिला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ती माझ्या वेळेखाली आपली वेळ लिहिते, आणि आत जाते.